चेहरा एकाचा, नाणं दुसऱ्याचं: रोमन नाणं कसं वाचायचं

नाशकात नाणी जमवणारे बरेच आहेत, पण रोमन तांब्या-पितळेचं नाणं हातात आलं की लोक चेहरा बघून सम्राट ठरवून टाकतात आणि तिथेच घोळ होतो, कारण काही नाण्यांवरचा माणूस नाणं पाडलं तेव्हा कधीच वारलेला होता.

आधी एक, घासू नका. चिंच-मीठ, पितांबरी काहीच नको, हिरवट-काळा थर गेला की अक्षरं पण जातात आणि किंमतही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं बाकीच्यांपासून लांब, कोरडं ठेवा.

मग वजन. सराफ बाजारात ओळखीचा कोणी करून देईल. १०-११ ग्रॅम आणि लालसर तांबं असेल तर बहुतेक आस, २५ ग्रॅमच्या आसपास पिवळट पितळ असेल तर सेस्टर्शिअस, ही दोन्ही रोमन नाण्यांच्या प्रकारांची नावं.

आता खरं काम. चेहऱ्याभोवतीचं नाव वाचा आणि नाणं उलटवा, पाडणाऱ्याचं नाव बऱ्याचदा मागे असतं. राजघराण्यातला सेनापती जर्मॅनिकस इ.स. १९ मध्ये वारला, त्याच्या आस पुढे सम्राट झालेला मुलगा कॅलिगुलाने पाडल्या आणि त्याच्यानंतरचा सम्राट, जर्मॅनिकसचा भाऊ क्लॉडिअसनेही, दोघांच्याही नाण्यांवर मागे मधोमध एस सी म्हणजे सिनेटच्या ठरावाने, फरक ओळखायचा कडेच्या नावावरून: सी सीझर असेल तर कॅलिगुला, टीआय क्लॉडिअस असेल तर क्लॉडिअस. या क्लॉडिअसला आधी घरचेच हिशेबात धरत नव्हते, मग गादीवर आल्यावर बाप ड्रुसस, आई अँटोनिया सगळे नाण्यांवर! पितरं घालायची ती गावाला दाखवायला, त्यातला प्रकार.

अग्रिप्पाची, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या सेनापतीची, आस मात्र डोकं खाते. मागे त्रिशूळ आणि डॉल्फिन घेतलेला समुद्रदेव नेपच्यून, पाडणाऱ्याचं नावच नाही, म्हणून खूप वाद झाले, आता बहुतेक जण कॅलिगुलाची धरतात.

मागे रेस्ट (REST, म्हणजे पूर्ववत केलं) दिसलं तर ते जुन्या नाण्याची आठवण म्हणून सम्राट टायटस किंवा डोमिशियनने, इ.स. ८० च्या आसपास, पुन्हा पाडलेलं असू शकतं. दिवुस किंवा दिवा (DIVVS, DIVA) असं नावाआधी असेल तर ती मेल्यावर देवपद मिळालेली व्यक्ती. दिवा फाउस्टिना १४० मध्ये वारली, नवरा सम्राट अँटोनायनस पायसने तिची इतकी नाणी काढली की आजही सहज मिळतात, नवख्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत.

घ्यायच्या आधी कड भिंगाखाली बघा, सगळीकडून फिरणारी जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली आहे, विकणारा काहीही सांगो. आणि अस्सल जुनी नाणी बघून नजर बसवायची असेल तर त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहेच.