गुरुवारी बंद केलेला बोर्ड पुन्हा सुरू होईना, तेव्हा

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं वेगळं सांगावं लागत नाही. दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा याच दिवशी. मी शिकायला पुण्यात आले आणि कर्वेनगरला काकूंच्या वरच्या खोलीत राहू लागले, तेव्हापासून बुधवारी रात्री माझं एक काम ठरलेलं असायचं: गच्चीवरच्या हवामानाच्या नोंदी घेणारा रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') नीट बंद करायचा. चालू असताना अचानक वीज गेली तर मेमरी कार्डावरच्या फाइल खराब होऊ शकतात, एवढं मला माहीत होतं.

जोडणी साधी होती. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० सेन्सर आणि आकाशाचा फोटो काढणारा एक यूएसबी कॅमेरा. कॅमेऱ्यासाठी वेगळा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला होता. दर पाच मिनिटांना एक नोंद. संध्याकाळी ती शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून बघायची मला फार आवड होती. जून ते सप्टेंबर असा अख्खा पावसाळा त्या कार्डावर जमला होता.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी वीज आली, पण बोर्ड सुरू झाला नाही. लाल दिवा लागलेला, हिरवा मात्र एकदाही लुकलुकला नाही. अडॅप्टर काढून पुन्हा लावला, तरी तेच. कार्ड गेलं असणार, असं मी ठरवून टाकलं, आणि लॅपटॉपला लावून ते फॉरमॅट केलं. नवी प्रणाली भरली, कार्ड परत बोर्डात घातलं. तरीही तेच. चार महिन्यांच्या नोंदी गेल्या होत्या, आणि दोष कार्डाचा नव्हताच. त्या रात्री मी जेवले नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल, नुकताच असा बोर्ड घेतला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्या नोंदी माझ्यासारख्या जाऊ नयेत, इतकाच हेतू.

दुसऱ्या दिवशी बोर्ड डब्यात घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. जिथून सुटे भाग घ्यायचे त्या दुकानातल्या काकांनी काही न विचारता त्यांच्याकडचा अडॅप्टर लावला. हिरवा दिवा लगेच लुकलुकायला लागला.

"बोर्ड चांगला आहे तुझा," काका म्हणाले. "घरी याला काय काय जोडलंय?"

मी यादी सांगितली.

"आणि मीटर आहे का?"

"नाही."

"मग आधी मीटर घे. नुसत्या दिव्यावरून किती कळणार?"

दोन-अडीचशे रुपयांचा तो मल्टिमीटर आजही माझ्याकडे आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र बोर्ड मुकाट्याने सुरू झाला, म्हणून मी मीटर कपाटात ठेवून दिला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच गत झाली, तेव्हा तो बाहेर काढला.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण शटडाऊनची आज्ञा देतो तेव्हा लिनक्स चालू कामं थांबवतं, उरलेलं सगळं कार्डावर लिहितं आणि प्रोसेसर थांबतो. अडॅप्टरचे ५ व्होल्ट मात्र बोर्डावर तसेच असतात, म्हणून लाल दिवा जळत राहतो. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांना चालू-बंद करायचं बटणच नाही. थांबलेला बोर्ड पुन्हा उठवायचा तर वीज पूर्ण काढून परत द्यावी लागते, नाहीतर त्याला तसा इशारा द्यावा लागतो. या इशाऱ्याकडे पुढे येते. इथे 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. बोर्डावरचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली गेलाच नाही, तर आपण अडॅप्टर दहा वेळा काढला-लावला तरी बोर्डाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

माझ्याकडे नेमकं हेच होत होतं. अडॅप्टर काढून मी मीटरची लाल तार पिन २ वर आणि काळी पिन ६ वर टेकवली. पिन २ म्हणजे ५ व्होल्ट, पिन ६ म्हणजे ग्राउंड. तिथे शून्य दिसायला हवं होतं. मीटरवर चारच्या वर आकडा होता. वीज येत होती हबमधून. हबचा अडॅप्टर काकूंच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटला होता, त्यामुळे गुरुवारी दिवसभर हब जिवंत असायचा आणि यूएसबीच्या तारेतून उलटी वीज बोर्डात सोडायचा. चांगल्या हबमध्ये ही उलटी वाट अडवलेली असते, माझ्या हबमध्ये नव्हती. बोर्ड सुरू होण्याइतकी ती वीज नव्हती, पण पूर्ण बंदही होऊ देत नव्हती. दुकानात हब नव्हता, म्हणून तिथे तो उठला. दुकानातून घरी आल्यावरही उठला, कारण वाटेत डब्यात तो खरोखरच विजेविना होता आणि मी अडॅप्टर आधी लावला, हब नंतर.

हब घेतलात की ही चाचणी आधी करा. पायचा अडॅप्टर काढून ठेवा, फक्त हब चालू करून पायला जोडा. लाल दिवा मिणमिणला तरी समजायचं की उलटी वीज येते आहे. असा हब बदलावा. ते जमेपर्यंत मी हब आणि पाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले, म्हणजे जातील तर दोघं मिळून जातील. लॅपटॉपवरून सिरियल तारेने पायशी बोलत असाल तर त्या तारेतूनही अशी थोडी वीज शिरू शकते. शंका आली की तीही काढून बघा.

आता दिवे कसे वाचायचे ते. हिरवा दिवा कार्डाची हालचाल दाखवतो, पण सुरू होताना काही चुकलं तर तोच ठराविक वेळा लुकलुकून कारण सांगतो. चार वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडत नाही, सात वेळा तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सापडत नाही. असं असेल तर कार्डाकडे वळायला हरकत नाही, पण फॉरमॅट करण्याआधी कार्डाची पूर्ण प्रत लॅपटॉपवर काढून घ्या. हिरवा दिवा अजिबात हललाच नसेल तर कार्ड फॉरमॅट करू नका. पाय ४ मध्ये सुरुवातीचा प्रोग्राम बोर्डावरच्या ईईप्रॉम नावाच्या कायमस्वरूपी मेमरी चिपमध्ये असतो, कार्डात नाही. त्यामुळे कार्ड काढून, टाइप-सी जवळच्या एचडीएमआयला पडदा जोडून वीज दिली, तर कार्ड नसतानाही पडद्यावर माहितीचं पान यायला हवं. ते आलं म्हणजे बोर्ड शाबूत आहे. माझ्याकडे ते आलंच नसतं, आणि त्यावरून दोष विजेत आहे हे एका मिनिटात कळलं असतं. पाय ३ ला हे लागू नाही, तो कार्डावरच अवलंबून असतो.

अडॅप्टरबद्दल थोडक्यात. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा लागतो. मोबाइलच्या चार्जरवर किंवा बारीक, लांब तारेवर तो चालतो असं वाटतं, आणि सुरू होताना एकदम जास्त प्रवाह ओढायची वेळ आली की अडखळतो. दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह येतं. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

आणखी एक चूक खूप जण करतात. शटडाऊन दिलं, पडदा काळा झाला, की लगेच वीज काढायची. एखादा प्रोग्राम थांबायला तयार नसेल तर सिस्टमडी (लिनक्समधली कामं सुरू-बंद करणारी व्यवस्था) त्याची ९० सेकंदांपर्यंत वाट बघते, आणि तेवढा वेळ बोर्ड बंद झालेलाच नसतो. हिरवा दिवा पूर्ण शांत होईपर्यंत थांबा.

आता इशारा. थांबलेल्या पाय ४ ची पिन ५ आणि पिन ६ क्षणभर एकमेकींना जोडल्या की तो उठतो. पिन ५ म्हणजे जीपीआयओ ३; प्रोग्रामने चालवता येणाऱ्या पिनांना जीपीआयओ म्हणतात आणि त्यांचे क्रमांक वेगळे असतात. तिथे एक साधं दाबायचं बटण बसवा, आणि 'जीपीआयओ-शटडाऊन' ओव्हरले (पिनांचं काम ठरवणारी तयार सेटिंग) चालू करा, म्हणजे त्याच बटणाने बंदही करता येतो. पण नेमकी हीच पिन आयटूसीची, म्हणजे सेन्सर ज्या दोन तारांवरून बोर्डाशी बोलतो त्या पद्धतीची, क्लॉक लाइन आहे, आणि माझा सेन्सर तिथेच बसलेला होता. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. पाय ४ मध्ये आयटूसीच्या आणखी वाटा आहेत. मी 'आयटूसी३' ओव्हरले लावून सेन्सर जीपीआयओ ४ आणि ५ वर, म्हणजे पिन ७ आणि २९ वर हलवला. पिन ३ आणि ५ वर बोर्डाचेच पुल-अप रेझिस्टर (एरवी तारेचा दाब वर धरून ठेवणारे) आहेत, नव्या पिनांवर ते नाहीत. सेन्सरच्या छोट्या पट्टीवर ते बहुतेक वेळा असतात, तरी एकदा तपासून घ्या.

माझ्या एका ज्युनिअरचा बोर्ड या बटणालाही दाद देत नव्हता. वीज वाचावी म्हणून त्याने ईईप्रॉमच्या सेटिंगमध्ये 'पॉवर ऑफ ऑन हॉल्ट' १ आणि 'वेक ऑन जीपीआयओ' ० करून ठेवलं होतं. असं केलं की बंद बोर्ड खूपच कमी वीज खातो, पण पिन ५ चं ऐकत नाही. वीज काढून परत दिली की उठतो. सेटिंग बदलताना ती वहीत लिहून ठेवायची सवय लावा, सहा महिन्यांनी आपलंच आपल्याला आठवत नाही. पाय ५ घेणाऱ्यांना हा सगळा खटाटोप कमी, त्यावर पॉवरचं बटण आहेच.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा समोर एक बंद बोर्ड ठेवून विचारलं होतं, पहिलं काय करशील? मी म्हणाले, याला जोडलेलं सगळं काढीन आणि ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावीन. पुढचा अर्धा तास आम्ही माझ्या हबबद्दलच बोलत होतो. ती नोकरी मला मिळाली, आणि आजही बंद बोर्ड हातात आला की मी तिथूनच सुरुवात करते.

गच्चीवरच्या नोंदी ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाल्या. दर रविवारी त्यांची प्रत लॅपटॉपवर जाते. एक अडचण मात्र उरली होती. कधी कधी गुरुवारी वीज जातच नाही. मी बुधवारी रात्री बंद केलेला बोर्ड मग तसाच थांबून राहतो, कारण परत यायला वीज गेलेलीच नसते. म्हणून बटणाची तार लांबवून ते जिन्यात, काकूंच्या हाताला येईल असं बसवलं. त्यांना सांगून ठेवलंय: अकरापर्यंत वीज गेली नाही आणि लाल दिव्याशेजारी हिरवा लुकलुकत नसेल, तर एकदाच दाबा. काल त्यांचा ऑफिसात फोन आला, "अगं, दाबलं बरं का मी. लुकलुकतोय."