जुन्या रस्त्याच्या नावांचा माग कसा काढावा

जुन्या रस्त्याचा इतिहास शोधताना प्रथम त्याची तीन नावे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत: पाटीवरचे, लोकांच्या तोंडी असलेले आणि जुन्या कागदपत्रांत येणारे. मुंबईत महात्मा फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंत जाणाऱ्या रस्त्याची ही नावे अनुक्रमे दादाभाई नौरोजी मार्ग, डी. एन. रोड आणि हॉर्नबी रोड अशी आहेत.

यानंतर ज्याचे नाव रस्त्याला दिले होते तो कोण होता, हे पाहावे. परंतु त्याच्या काळावरून रस्त्याचे वय ठरवण्याची घाई करू नये. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, तर या रस्त्याला आजचे प्रशस्त रूप येऊ लागले ते १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या (जुन्या किल्ल्याच्या) भिंती पाडल्या गेल्यानंतर. म्हणून नावापेक्षा नकाशावर अधिक विसंबावे. भिंती पाडण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे शेजारी ठेवले, तर आज हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन हे कारंजे आहे तेथे पूर्वी कोटाचा चर्चगेट हा दरवाजा होता, हे ध्यानात येते. (दरवाजा पाडला गेला, तरी बऱ्याच अंतरावरच्या रेल्वे स्थानकाने त्याचे नाव टिकवले.) असे नकाशे आणि सरकारी दप्तर पाहण्यासाठी काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागार उपयोगी पडते.

मग रस्त्यावरून पायी फिरावे. दुतर्फा इमारतींखालून जाणारा कमानींचा पदपथ हा १८९६ सालच्या नियमाचा परिणाम आहे. इमारतींच्या कोनशिलांवरील वर्षे टिपून घेतली, की बांधकामाचा क्रम कळतो.

नामांतराचा अधिकृत दिनांक महापालिकेच्या ठरावात शोधावा. नवे नाव प्रत्यक्ष वापरात केव्हा आले, हे मात्र ठरावापेक्षा त्या काळातील वर्तमानपत्रांच्या जाहिरातींमधील दुकानांचे पत्ते अधिक विश्वासार्हपणे सांगतात, कारण व्यापारी ग्राहकाला ओळखीचे असेल तेच नाव छापतो. असे पत्ते वाचताना नामसाधर्म्यापासून सावध राहावे: हॉर्नबी वेलार्ड हा याच गव्हर्नराच्या नावाचा, परंतु वरळीच्या बाजूचा बांध होता आणि तेथील रस्ता आता लाला लजपतराय मार्ग म्हणून ओळखला जातो. केवळ ‘हॉर्नबी’ एवढाच उल्लेख आढळल्यास शेजारच्या खुणा जुळल्याखेरीज तो आपल्या रस्त्याच्या नोंदीत घेऊ नये.