पोलिश लोकांना पैशा-पगाराचं इंग्लिश शिकवताय? मग या चुका टाळा

मी पोलंडमधल्या लोकांना ऑनलाइन इंग्लिश शिकवतो, माझे रात्रीचे नऊ वाजले की उन्हाळ्यात तिकडे साडेपाच, मंडळी नुकती ऑफिसातून सुटलेली असतात. गप्पा छान चालतात पण विषय पगारावर आला की गाडी अडलीच म्हणून समजा.

एक बाई इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करताना म्हणाल्या, 'माय पेन्शन इज टू स्मॉल'. बाईंचं वय चौतीस! मी सुरुवातीला नुसतं 'पेन्शन नाही, सॅलरी म्हणा' सांगून पुढे जायचो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पेन्शन. माझी चूक तीच होती. पोलिशमध्ये महिन्याच्या पगाराला पेन्स्या म्हणतात, म्हातारपणी मिळते ती एमेरितुरा, त्यामुळे डोक्यात कुठला पोलिश शब्द होता ते आधी विचारा, नाहीतर चूक जात नाही. रेन्ताचंही तेच, ती अपंगत्वामुळे वगैरे मिळणारी पेन्शन, आणि घरभाडं म्हणजे चिन्श. त्यामुळे 'माझ्या मामाला रेंट मिळतो' असं कोणी म्हणालं तर मामा घरमालक आहे असं समजू नका. प्रेम्या म्हणजे बोनस, विम्याचा प्रीमियम नाही. प्रोविझ्या म्हणजे कमिशन.

लेंड आणि बॉरोचा घोळ तर विचारूच नका. दोन्हीला त्यांच्याकडे एकच क्रियापद, पोझिचिच, कोणाला की कोणाकडून यावरून अर्थ कळतो. आपलं उसने देणे-घेणे तरी बरं, 'उसने' एकच असलं तरी देणे की घेणे ते स्पष्ट असतं. मी तेच करायला लावतो, आधी गिव्ह की टेक ते ठरवा, गिव्ह असेल तर लेंड, टेक असेल तर बॉरो. 'कॅन यू बॉरो मी टेन पाउंड्स' बरंच कमी झालंय.

'मनी आर' वर मात्र हसू नका हं. प्येन्योन्झे अनेकवचनी आहे, आपलेही 'पैसे आहेत'च असतात ना? आपण शाळेत हीच चूक करत होतो.

आता खरा पैसा जिथे बुडू शकतो ते. पोलंडमध्ये पगार महिन्याचा सांगतात, कागदावर ब्रुत्तो म्हणजे ग्रॉस, पण आपसात बोलताना 'ना रेंके', शब्दशः हातावर, म्हणजे आपण 'हातात किती पडतात' विचारतो ना अगदी तसंच. मग ते इंग्लिशमध्येही 'ऑन हँड' म्हणतात, तिथे टेक-होम शिकवा. फरक किरकोळ नाही, २०२६ ला पोलंडचा किमान पगार ४८०६ झ्वॉटी ब्रुत्तो आहे आणि हातात पडतात साधारण ३६००. ब्रिटनमध्ये तर ऑफिसच्या नोकरीचा आकडा वर्षाचा, तोही ग्रॉस. कोणी नुसतं 'ट्वेंटी-एट थाउजंड' म्हणालं की माझ्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, त्यांना ते महिन्याचे वाटतात! म्हणून माझा नियम असा की आकडा एकटा बोलायचाच नाही, सोबत ग्रॉस की नेट आणि पर मंथ, पर इयर की पर अवर हे आलंच पाहिजे. वाक्य अडखळलं तरी चालेल.

लिहिताना स्वल्पविराम बघा. त्यांच्याकडे दशांशाला स्वल्पविराम असतो, म्हणून घाईत २,५०० वाचलं की अडीच वाटू शकतं. आणि त्यांचा मिल्यार्द म्हणजे इंग्लिशमधला बिलियन, आपला अब्ज, पण त्यांचा बिल्योन म्हणजे ट्रिलियन, आपले लाख कोटी. बँकेत किंवा अकाउंट्समध्ये काम करणारा विद्यार्थी असेल तर हे पहिल्या आठवड्यातच घ्या, हजार पटीची चूक आहे ती.

बाकी किरकोळ. सुट्टे परत घ्यायचे नसतील तर 'कीप द रेस्ट' म्हणतात, कारण त्यांच्याकडे सुट्ट्यांना रेश्ता, तिथे चेंज सांगा. आणि दुकानातल्या पावतीला ते पारागोन म्हणतात, इंग्लिशमध्ये रिसीट. लंडनच्या दुकानात 'पॅरागॉन प्लीज' म्हटलं तर समोरचा नुसता बघत बसेल, आपल्याकडे मात्र चपलेचा नंबर विचारतील.