रक्तद्रव म्हणजे नुसते पाणी नव्हे: या चुका टाळा

पावसाळ्यात फोंड्यातील आमच्या प्रयोगशाळेत डेंग्यूच्या संशयाने येणाऱ्यांची रीघ लागते, आणि अहवाल हाती पडताच जवळजवळ प्रत्येकाची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर खिळते. रक्तद्रवाची, म्हणजेच प्लाझ्माची, चौकशी क्वचितच कोणी करतो.

यंत्रात फिरवलेली नळी उजेडात धरली की तळाशी गडद तांबडा थर आणि वर फिकट पिवळा, नितळ रक्तद्रव दिसतो. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग तोच असतो. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते हे खरे. पण म्हणून त्याला पाणी समजणे ही पहिली चूक. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते, ग्लोब्युलिनांतील प्रतिपिंडे रोगजंतूंशी लढतात आणि फायब्रिनोजेन जखमेवर रक्त गोठवणारे जाळे विणते. क्षार, साखर, संप्रेरके आणि युरिया यांची ने-आणही त्यातूनच होते.

सीरम आणि प्लाझ्मा एकच, हा समजही चुकीचा आहे. रक्त गोठल्यावर उरते ते सीरम. त्यात फायब्रिनोजेन नसते. म्हणून गोठण्याच्या तपासणीला निळ्या झाकणाची, सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाची) नळीच लागते आणि ती खुणेपर्यंत भरावी लागते. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडले, तर गोठण्याचा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. रक्त कमी पडल्यास पुन्हा टोचून घेण्यास कृपया नकार देऊ नये.

सर्वांत घातक चूक ताप उतरल्यावर होते. डेंग्यूत बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप ओसरताना, केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू शकतो आणि मागे राहिलेले रक्त दाट होते. प्लेटलेट घसरत असतानाच हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, रुग्णाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी वाढणे ही त्या गळतीची खूण आहे; त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र पाहावेत आणि जुना अहवाल असल्यास सोबत आणावा. सलाईनचा हट्टही धरू नये, कारण साधारण २४ ते ४८ तासांनी गळती थांबली की बाहेर गेलेले पाणी रक्तात परतते आणि जादा सलाईनमुळे फुप्फुसांत पाणी साचू शकते. घरी पेज, ओआरएस घोट घोट द्यावे. मात्र पोटात जोराची कळ, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी दिसताच, अंगात ताप नसला तरी, रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्यावे.