डमी ओस्लोला पाठवण्याआधी

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही. आइसलँडही नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड या पाच नॉर्डिक देशांत माणसं पासपोर्ट न दाखवता इकडून तिकडे जातात, म्हणून पार्सलही तसंच जाईल असं आपण गृहीत धरतो. ते तसं जात नाही. स्वीडन, डेन्मार्क किंवा फिनलंडमधून ओस्लोला निघालेलं प्रत्येक पार्सल सीमाशुल्काची हद्द ओलांडतं आणि त्यावर आत काय आहे, किती किमतीचं आहे याचं घोषणापत्र लागतं. मागच्या खेपेला मी स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून ते न जोडता एका स्पर्धेसाठी फोटोबुकची डमी, म्हणजे प्रकाशनाआधी बनवलेली नमुना प्रत, पाठवली, ती वाटेत अडकली आणि स्पर्धेची मुदत गेली. या वर्षी ज्यांना पाठवायचं आहे त्यांच्यासाठी ही तयारी लिहिते आहे. घोषणापत्राचा मुद्दा यात वारंवार येईल. कंटाळा आला तरी गाळू नका.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या हातात डमी आहे की छापलेलं पुस्तक, हे नीट ठरवा. यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. ओस्लोच्या फोटोगॅलेरिएट या गॅलरीशी जोडलेलं नॉर्डिक डमी अवॉर्ड आणि दक्षिण स्वीडनमधलं लान्ड्सक्रोना फोटो अँड ब्रेडफील्ड डमी अवॉर्ड ही अप्रकाशित पुस्तकांसाठी आहेत. स्वीडिश छायाचित्रकारांची संघटना १९९६ पासून जे फोटोबुक पारितोषिक देते, ते प्रकाशित झालेल्या पुस्तकाला मिळतं. शंभर प्रती छापून विकल्या असतील तर ‘ती डमीच आहे’ असं मनाला समजावू नका. परीक्षकांना ही दुनिया ओळखीची असते, आणि लान्ड्सक्रोना किंवा कोपनहेगनच्या पुस्तकमेळ्यात टेबलावर विकलेलं पुस्तक त्यांनी पाहिलेलं असतं. पात्रतेची अट दोनदा वाचा. कुठे नागरिकत्व विचारतात, कुठे वास्तव्य, कुठे काहीच नाही. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा फरक विशेष पाहावा, आणि शंका असेल तर आयोजकांना दोन ओळींची ईमेल पाठवून लेखी उत्तर घ्यावं.

निवड, क्रम, किती फोटो ठेवायचे, यावर इथे लिहीत नाही. तिथे अजून घोटाळा असेल तर या वर्षी पाठवूच नका.

डमी कशी बनवायची, याला मात्र वेळ द्या. पुस्तक पुढे ऑफसेटवर छापायचं असेल तर पानांची संख्या आधीपासून फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) हिशेबात धरा, म्हणजे सोळाच्या पटीत, फार तर आठच्या. १०२ पानांची डमी पाहिली की प्रकाशकाला कळतं की या माणसाने छापखान्याशी बोलणंच केलेलं नाही. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा. आडव्या धाग्याच्या कागदावर केलेली डमी उघडल्यावर पानं फुगून उभी राहतात आणि परीक्षकाला ती हाताने दाबून धरावी लागते. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर चेहरा, हात, क्षितिजावरची बोट असलं काही कण्यात जाऊ देऊ नका. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडतं, गम बाइंडिंगचं उघडत नाही, आणि तिथे फोटोचा चांगला सेंटिमीटरभर भाग गिळला जातो. घरी शिवत असाल तर रिकाम्या कागदांची एक वही आधी शिवून पाहा.

इथले बरेच जण मुंकेनच्या कागदावर छापतात. तो गोथेनबर्गच्या उत्तरेला मुंकेदाल गावी बनतो. कोटिंग नसल्यामुळे हाताला फार चांगला लागतो आणि म्हणूनच फसवतो. शाई आत शोषली जाते, काळोखातले तपशील बुजतात. हिवाळ्यातले, संध्याकाळचे, जंगलातले फोटो असतील तर स्क्रीनवर दिसलेली सावली कागदावर सरळ काळी होते. कोटिंगविरहित कागदासाठी रंगाचं वेगळं प्रोफाइल (स्क्रीनवरचे रंग त्या कागदासाठी बदलून देणारी फाइल) असतं, ते फोग्रा ५२ या छपाईच्या मानकाचं. कोटेड कागदाचं फोग्रा ५१ चं. चुकीच्या प्रोफाइलवर बेतलेल्या फाइली घेऊन छापखान्यात जाऊ नका. डमी इंकजेटवर काढलेली असते आणि इंकजेट फार उदार असतो, तो सगळं दाखवतो. म्हणून निदान चार कठीण फोटो खऱ्या कागदावर छापून घ्या आणि डमीतले फोटो त्यांच्या जवळ आणा. डमीत जे दाखवाल ते पुस्तकात उतरलं पाहिजे.

कागदाचं वजनही याच वेळी मोजा. २४ बाय ३० सेंटिमीटरची ९६ पानं १७० जीएसएमच्या (चौरस मीटरला १७० ग्रॅम) कागदावर काढली तर पुठ्ठ्याशिवाय जवळपास ६०० ग्रॅम होतात. पुठ्ठा, कापड, खोका, आणि आयोजकांनी दोन प्रती मागितल्या असतील तर दुसरी प्रत, असं सगळं धरलं की छोट्या पाकिटाची दोन किलोंची मर्यादा जवळ येते. मर्यादा ओलांडली की टपालाचा दर बदलतो आणि घोषणापत्राचा फॉर्मही बदलतो. वजन कागद निवडतानाच बघा, पोस्टाच्या खिडकीपाशी उभं राहून नव्हे.

आता घोषणापत्र. टपालात त्याचे दोन फॉर्म असतात: कमी किमतीच्या छोट्या पाकिटाला सीएन २२ आणि त्याहून मोठ्याला सीएन २३. हल्ली ही माहिती आधी ऑनलाइन भरावी लागते, नुसतं हाताने लिहून चिकटवलेलं चालेलच असं नाही. आतल्या वस्तूचं वर्णन स्पष्ट लिहा: ‘छापील पुस्तक, स्पर्धेसाठी नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’. नुसतं ‘कलाकृती’ लिहू नका. कलाकृती म्हटलं की किंमत विचारली जाते, आणि मग उत्तर देत बसावं लागतं. छापील पुस्तकांचा शुल्क-क्रमांक ४९०१ या शीर्षाखाली येतो, सुट्या छापील चित्रांचा ४९११ खाली. म्हणून पुस्तकाबरोबर भेट म्हणून एखादा सुटा प्रिंट खोक्यात सरकवू नका. तो घोषणापत्रात नसेल तर पार्सल उघडल्यावर प्रश्न उभा राहतो, आणि परीक्षकांना त्याची गरज नसते. किंमत शून्य लिहू नका. साहित्याला जेवढा खर्च आला तेवढी लिहा. नॉर्वेत छापील पुस्तकांवर व्हॅट शून्य आहे, हे खरं. पण कर शून्य असला म्हणून कागदपत्रं शून्य होत नाहीत. मी नेमकं हेच गृहीत धरलं होतं. शिवाय पार्सल सोडवण्याचं हाताळणी शुल्क वेगळं लागू शकतं आणि ते घेणाऱ्याकडे मागितलं जातं. स्पर्धेचं कार्यालय अशी पार्सलं भरपूर घेत असतं, ते तुमच्यासाठी पैसे भरून सोडवून आणणार नाही. शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याची सोय असलेली सेवा निवडा, जास्त पैसे पडले तरी.

मुदतीची अट वाचताना ‘पोस्टाचा शिक्का’ लिहिलंय की ‘पोचलं पाहिजे’, हे पाहा. बहुतेक ठिकाणी पोचलं पाहिजे, असंच असतं. सीमा ओलांडणाऱ्या पार्सलला मुदतीच्या दोन आठवडे आधी निघू द्या. आणि घोषणापत्र. पुन्हा सांगते, कारण खोका बांधून झाल्यावर, चिकटपट्टी लावल्यावर, पत्ता सुबक अक्षरात लिहिल्यावर काम झालं असं वाटतं आणि तेव्हाच ते राहतं. त्याची एक प्रत खोक्याच्या आत, पुस्तकाच्या वरही ठेवा. आइसलँड, ग्रीनलंड, फेरो बेटं यांनाही हेच लागू. ओलान्ड बेटं फिनलंडची असली आणि युनियनच्या सीमाशुल्क हद्दीत असली तरी व्हॅटच्या हद्दीबाहेर आहेत, तिथूनही नुसतं पार्सल टाकून चालत नाही. पुण्या-मुंबईहून लान्ड्सक्रोनाला पाठवणाऱ्यांना तर घोषणापत्र हवंच. १ जुलै २०२१ पासून युनियनमध्ये येणाऱ्या स्वस्त मालाला असलेली २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफीही गेली आहे.

डमी परत हवी असेल तर परतीचं टपाल आणि परतीचं घोषणापत्र दोन्ही आधी भरून पाठवा. तुमचीच वस्तू तुमच्याकडे परत येते आहे याचा पुरावा म्हणून जाताना घेतलेली पावती जपून ठेवा. एकच हस्तनिर्मित प्रत असेल आणि ती गेली तर चालणार नसेल, तर ती पाठवू नका, दुसरी करा.

मजकूर. इंग्रजी चालतं. कलाकाराचं निवेदन एका पानात बसवा, फोटोत काय दिसतं ते सांगू नका, कुठे, कधी आणि का एवढं पुरे. मराठी मजकूर पुस्तकात असेल तर तो नीट जुळवा: बऱ्याच डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात, आणि इथल्या छापखान्यात ते कुणाच्याही लक्षात येणार नाही. शेवटचं प्रूफ तुम्हीच वाचा.

परवानग्या. नॉर्वेच्या कॉपीराइट कायद्यात कलम १०४ आहे: व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, काही अपवाद सोडून. मुलं, रुग्णालय, निर्वासितांची घरं असे फोटो असतील तर अपवादाच्या भरवशावर राहू नका, लेखी संमती घ्या. कवितेच्या चार ओळी उद्धृत केल्या असतील तर त्याचीही.

निवड झालीच तर छपाई. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियात बरंच काम जातं, दर परवडतात आणि छपाई चालू असताना मशीनपाशी उभं राहता येतं. डेन्मार्कमध्ये ग्युलिंगला नारायण प्रेस आहे, स्वामी नारायणानंदांच्या शिष्यांनी उभारलेला, फोटोबुकांसाठी नाव असलेला छापखाना. कुठेही छापा, पण पहिला फर्मा निघताना तिथे हजर राहा. प्रवासखर्च अंदाजपत्रकात आधीच धरा, अनुदानाच्या अर्जातही. अनुदान देणाऱ्या संस्था म्हणजे नॉर्वेत फ्रित ऊर्ड, डेन्मार्कमध्ये स्टेटन्स कुन्स्टफोन्ड, फिनलंडमध्ये कोने फाउंडेशन. त्यांच्या तारखा पुस्तकाच्या तारखांशी जुळत नाहीत, म्हणून वर्षभर आधी बघा. छायाचित्रकार दयानिता सिंग यांना २०२२ साली गोथेनबर्गचा हॅसलब्लाड हा छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला, तेव्हापासून पुस्तकालाच कलाकृती मानणारं भारतीय काम इथल्या लोकांना ठाऊक आहे. अर्जात तो संदर्भ योग्य असेल तरच द्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राष्ट्रीय ग्रंथालयाकडून घ्या; सुरुवातीच्या ९७८ नंतर स्वीडनच्या क्रमांकात ९१, नॉर्वेच्या क्रमांकात ८२ येतो. नंबर मलपृष्ठावर आणि श्रेयनामावलीच्या पानावर सारखाच आहे ना, बघा. कायद्याने द्यायच्या ग्रंथालय-प्रती विक्रीला काढण्याआधी बाजूला ठेवा. दुकानांना विक्रीनंतर पैसे या अटीवर प्रती दिल्या तर कागदावर सही घ्या. ओस्लोच्या दुकानाला पाठवत असाल तर घोषणापत्र, आणि या वेळी किंमत खरी विक्रीची.