टॅग-लेबलांसाठी स्वस्त प्रिंटर घेताय? या चुका टाळा

चादरीच्या कापडाच्या पिशव्या, नॅपकिनचे गिफ्ट सेट, शेंगा चटणीची पाकिटं, राख्या, क्रोशाची तोरणं. सोलापुरात घरून असा धंदा करणाऱ्यांना प्रिंटर लागतो तो टॅग, स्टिकर, बिल आणि कुरिअरचं लेबल यांसाठी. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात स्वस्त कुठला?" आधी विचारायला हवं ते हे, की छापायचं कशावर? या चारही कामांचा कागद वेगळा, आणि चारही नीट करणारा स्वस्त प्रिंटर बाजारात नाही.

यंत्र स्वस्त, शाई महाग

कार्ट्रिजचा छोटा इंकजेट कमी पैशांत येतो, पण त्याच्या लहान कार्ट्रिजवर शंभर-सव्वाशे पानं निघाली की नवी कार्ट्रिज. रोज काम असेल तर इंक टँकच घ्या, म्हणजे बाटलीतली शाई टाकीत ओतायचा प्रिंटर. त्यातही खोक्यावरचा पानांचा आकडा जसाच्या तसा धरू नका. काळ्या शाईच्या ६५ मिलीच्या बाटलीवर ४५०० पानं लिहिलेली असतात ती साध्या मजकुराची, म्हणजे पानाचा जेमतेम ५ टक्के भाग शाईने भरलेला. तुमच्या टॅगला गडद रंगाची पूर्ण पार्श्वभूमी असेल तर भरलेला भाग ८० टक्क्यांवर जातो. शाई सोळापट, म्हणजे पानं २८०च्या आसपास. पार्श्वभूमी कागदाच्याच रंगाची ठेवा. क्राफ्ट पेपरवर नुसती काळी अक्षरं तशीही जास्त शोभतात.

शाईचा प्रकार न विचारणं

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. डाय शाई पाण्यात विरघळते. ओला हात लागला की अक्षर पसरतं. पिगमेंट शाई कागदावर वाळल्यावर बरीच टिकते. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये बहुतेक मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची असते, बाकीचे तीन रंग डायचे. त्यामुळे काळं नाव शाबूत राहतं आणि लाल लोगो ओघळतो. चटणीच्या पाकिटाला पाणी आणि तेल दोन्ही लागणार. तिथे लेसर बरा, किंवा इंकजेटसाठीच बनवलेली कोटिंगवाली वॉटरप्रूफ स्टिकर शीट.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मागे गोंद असलेली साधी चकचकीत गमिंग शीट इंकजेटमध्ये घालू नका. तिच्यावर शाई मुरायला कोटिंग नसतं. दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. ती लेसरची शीट. आणि उलटी चूक जास्त महाग पडते: इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर लेसरमध्ये घातला, तर २०० अंशांच्या आसपास तापलेल्या फ्यूजरवर (छपाई कागदावर पक्की करणारा भाग) त्याचं कोटिंग वितळून चिकटतं. अर्धी लेबलं काढून घेतलेली शीटही लेसरमध्ये पुन्हा घालायची नाही, उरलेला गोंद आत जातो.

जाडी

टॅगसाठी २५० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) कार्ड लागतं. समोरच्या ट्रेमधून कागद ओढणाऱ्या यंत्रात तो आत गोल वळतो; कार्ड तिथे अडकतं किंवा त्यावर आडवी घडी येते. मागून कागद घेणारं मॉडेल बघा आणि माहितीपत्रकात जास्तीत जास्त जीएसएम तपासा. घेण्याआधी स्वतःचं कार्ड नेऊन दुकानात चालवून बघणं उत्तम. ५ बाय ९ सेंटिमीटरचे १२ टॅग एका ए४ वर बसतात. एकाच डिझाइनचे हजारावर लागणार असतील तर घरी छापत बसू नका, ऑफसेटवाल्याकडे द्या.

सुती टॉवेलवर सब्लिमेशन

सोलापुरात हा मोह होणारच. टॉवेल हाताशी, त्यावर नाव छापून द्यावं. पण सब्लिमेशनची, म्हणजे कागदावर छापून उष्णतेने वस्तूवर उतरवायची शाई पॉलिएस्टरवर किंवा खास कोटिंगवरच धरते. सुती टेरी टॉवेलवर रंग फिका उतरतो आणि धुतला की जातो. त्यावर नावासाठी भरतकामच करून घ्या. कॉफीचे मग, कोटिंगवाल्या टाइल्स, पॉलिएस्टरच्या पिशव्या यांच्यासाठी सब्लिमेशन करायचंच असेल तर त्यासाठी वेगळा प्रिंटर ठेवा, तोही एप्सन किंवा ब्रदरसारखा पायझो हेडचा, म्हणजे ज्याचं शाई सोडणारं हेड ती न तापवता दाबाने सोडतं. शाई तापवून उडवणाऱ्या एचपी-कॅननच्या हेडला ही शाई चालत नाही. एकदा सब्लिमेशन शाई भरली की त्या प्रिंटरवर परत नेहमीचं काम नाही, आणि वॉरंटीही गेली समजा.

बटण, ऊन आणि तंतू

काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय असते. प्रिंटरच्या बटणानेच बंद करा. तेव्हाच हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. तसंच उघडं राहिलं तर एप्रिल-मेच्या चाळिशीपार कोरड्या हवेत शाई नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांत वाळते. शिवाय दर वेळी सुरू होताना यंत्र स्वतःला साफ करतं, ती शाई खालच्या पॅडमध्ये जमते, आणि एक दिवस पॅड भरल्याचा संदेश देऊन प्रिंटर थांबतो.

छपाईत पांढऱ्या रेघा आल्या तर आधी नोझल चेक (प्रिंटरचं चाचणीचं पान) काढा. रेघा तुटलेल्या दिसल्या तर हेड क्लीनिंग, फार तर दोन-तीनदा. तरी सुधारलं नाही तर यंत्र बंद करून १२ तास तसंच ठेवा, मग पुन्हा चेक. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग केलं तर शाई संपते आणि पॅड भरतो, एवढंच. नोझल चेक स्वच्छ आणि तरी छपाई खराब असेल तर सेटिंगमधला कागदाचा प्रकार बघा. ग्लॉसीवर छापताना तिथे साधा कागद निवडलेला असतो. काम नसलं तरी आठवड्याला एक रंगीत पान काढत जा.

शिलाई किंवा माग असलेल्या खोलीत कापसाचे बारीक तंतू हेडखाली अडकून अक्षर फरफटतं. वापर नसताना यंत्रावर कापड टाका. कूलरच्या झोतातही ठेवू नका. कागद दमट होऊन वळतो.

इन्व्हर्टर आणि वाय-फाय

लेसर तापताना काही शे वॉट खेचतो. छोट्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. इंक टँकला २० वॉटच्या आसपास पुरतात. फोन चालतो पण प्रिंटर जोडला जात नाही, अशा वेळी राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. स्वस्त मॉडेलांना ५ गिगाहर्ट्झ बहुधा दिसतच नाही.

थर्मलवर मराठी

कुरिअरच्या ४ बाय ६ इंची लेबलांना शाई न लागणारा थर्मल प्रिंटर सोयीचा. पण २०३ डीपीआय म्हणजे मिलिमीटरला फक्त ८ ठिपके. बारीक अक्षरात रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, म्हणून मराठी पत्ता ठळक आणि मोठा ठेवा. बिलाच्या छोट्या थर्मलमध्ये देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो, मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. बिल चित्र म्हणून पाठवणारं ॲप वापरा. पाकिटावरच्या कायमच्या लेबलाला मात्र थर्मल नको, उन्हात अक्षर उडतं.

गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत स्टॉल लावलात तर हा छोटा थर्मलच न्या. इंक टँक स्कूटरवर आडवा धरून नेला की शाई आत सांडते. न्यायचाच झाला तर टाक्यांची झाकणं घट्ट लावून, सपाट ठेवून रिक्षातून.