घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाताय? या चुका टाळा, आणि झाल्याच तर असं सावरा

घरातलं कोणीच याआधी कॉलेजात गेलेलं नाही, अशी मुलंमुली पहिल्या वर्षात कशी गळतात हे आम्ही शिकवणारे जवळून बघतो. वर्गातून एखादा दिसेनासा झाला आणि मित्रांना विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "सर, त्याला झेपलं नाही." खोलात गेलं की भलतंच निघतं. शिष्यवृत्तीचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता, पण त्याला कळलंच नाही. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत मिळालं नाही. एक जर्नल जमा करायचं राहिलं आणि अंतर्गत गुण गेले. यात बुद्धीचा प्रश्न कुठे आहे? ज्या घरात काका, आत्या, मोठी बहीण कॉलेज करून आलेली असते, तिथे ही माहिती येता-जाता कानावर पडते. तुमच्याकडे ती सांगणारं कोणी नाही, आणि कॉलेज मात्र धरून चालतं की तुम्हाला सगळं माहीत असणार. खालच्या बहुतेक चुका कागदांच्या आणि तारखांच्या आहेत, आणि वेळेत हात घातला तर त्यातल्या जवळजवळ सगळ्या सुधारता येतात.

एजंटची 'पक्की सीट'

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात असे लोक भेटायला लागतात. "कॅपच्या फेऱ्यांत कशाला अडकता, मी थेट प्रवेश करून देतो." घाबरलेले आईवडील हो म्हणतात. त्यांना हे कोणी सांगत नाही की व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या शुल्कसवलतीच्या सरकारी योजना सर्वसाधारणपणे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. तीसुद्धा व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही, आणि अभिमत व खासगी विद्यापीठांनाही नाही. तेच कॉलेज, तोच वर्ग, शेजारच्या मुलीला माफी आणि तुमच्या घरावर कर्ज, असं घडतं. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत कोणालाही टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका. विकल्प भरताना कॉलेजचं नाव वाचून थांबू नका. ते अनुदानित आहे, विनाअनुदानित की विद्यापीठच स्वतंत्र, हे बघा.

पडताळणी "नंतर बघू"

सर्वांत जास्त वर्षं वाया जातात ती इथे. जातीचा दाखला असला म्हणजे झालं, असं घरी वाटतं. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं, आणि ते आठवड्याभरात मिळत नाही. अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीलाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करायचा असतो. निकालानंतर सगळे एकदम धावतात, आणि जात पडताळणी समितीच्या कार्यालयात रांग लागते.

खरी अडचण पुराव्याची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीच्या नोंदी मागितल्या जातात. लोक सगळ्यांत आधी आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा शोधायला निघतात. आता ज्याच्या घरात शाळा पहिल्यांदा वडिलांनीच पाहिली, किंवा त्यांनीही नाही, त्याने आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? मला ही व्यवस्थेतली सर्वांत क्रूर गाठ वाटते. शिक्षणापासून जे दूर ठेवले गेले, त्यांच्याच नातवंडांची वाट शिक्षणाच्या कागदापाशी अडते.

मात्र पुरावा शाळेचाच हवा, असं नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात आजोबा-पणजोबांच्या घरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात, आणि जुन्या नोंदींत जातही लिहिलेली असते. जुने फेरफार, खरेदीखत, हक्कनोंदी तपासा. भूमिहीन कुटुंब असेल तर कोतवाल बुकावरच भर द्यावा लागतो. नक्कल मागण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे सख्ख्या काकांकडे, आत्याकडे किंवा चुलतभावाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर तो फार मोठा आधार ठरतो. वंशावळ नीट लिहून, शपथपत्रासह ते जोडा. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल, तरी या एका कागदासाठी वडिलांना त्यांच्या दारात पाठवा.

प्रमाणपत्र अजून आलं नसेल तर अर्जाची पावती जपा आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत त्या वर्षी पावतीवर प्रवेश देतात का, किती मुदत देतात, ते वाचा. समितीने त्रुटी काढली असेल तर ती लेखी मागून घ्या. "कागद कमी आहेत" एवढ्यावर घरी परतू नका.

महाडीबीटीचा अर्ज भरून विसरणं

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. कॅफेवाल्याने तिथे अर्ज भरून दिला, प्रिंट मिळाली, मुलगा निर्धास्त झाला. इथून पुढे कुठे काय बिघडतं, ते सविस्तर बघू.

पहिलं, मोबाइल नंबर. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर आणि ई-मेल टाकतो. पुढचे सगळे संदेश त्याला जातात. युजरनेम आणि पासवर्ड तुमच्या वहीत हवा, आणि नंबर तुमचा किंवा घरातल्या कायम चालू असणाऱ्या फोनचा हवा.

दुसरं, अर्ज आधी कॉलेजच्या लेखनिकाच्या आणि प्राचार्यांच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे संबंधित विभागाकडे. वाटेत कुठेही तो दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला जुना, नावात फरक, शुल्काची पावती अस्पष्ट, अशी कारणं असतात. दुरुस्ती करून पुन्हा पाठवला नाही तर अर्ज तिथेच पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा. कॉलेजच्या पातळीवर अर्ज अडला असेल तर शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या लेखनिकाला भेटा, अर्जाचा क्रमांक दाखवा. ते काम करतात, पण शेकडो अर्जांत तुमचा कोणता, हे तुम्हीच सांगायला हवं.

तिसरं, बँक खातं. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार शेवटचं कुठे जोडलं गेलं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कधी ते शाळेत उघडलेलं, व्यवहार नसल्याने बंद पडलेलं खातं असतं. कधी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं असतं. आधारच्या संकेतस्थळावर हे तपासता येतं. चुकीचं खातं दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा.

चौथी चूक पैसे आल्यावर होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजचं शुल्कही असतं. ते ७ दिवसांत कॉलेजला भरायचं असतं. घरी वाटतं, पोराला सरकारने पैसे दिले. खताची उधारी भागवली जाते, दवाखान्याचं बिल जातं, आणि परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कॉलेज थकबाकी दाखवतं. पैसे आल्या दिवशी कार्यालयात जाऊन विचारा की यातले माझे किती आणि तुमचे किती. खर्च झालेच असतील तर प्राचार्यांना लेखी अर्ज करून हप्ते मागा. तोंड लपवलं तर प्रश्न परीक्षेच्या आदल्या दिवशी अंगावर येतो.

आणि हो, अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी आपोआप काही होत नाही. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल-मेमध्येच, जूनची गर्दी होण्याआधी, नवे काढा.

वसतिगृहाच्या यादीत नाव नाही म्हणून हात टेकणं

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही की मुलं सरळ कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, खोली बघतात आणि खर्चाने मोडतात. तिथे नंबर न लागलेल्यांसाठीच वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. म्हणून वसतिगृहाचा अर्ज भराच, नाकारला जाईल असं वाटलं तरी.

काम करावंच लागणार असेल तर रात्रपाळीच्या डिलिव्हरीआधी कॉलेजमधली 'कमवा व शिका' योजना बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभं केलं. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम केलेल्या मुलाला पैसे थोडे मिळतात, पण कॉलेज आतून कळतं. कोणती नोटीस कुठे लागते, कोणाकडे सही मिळते, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

वर्गात गप्प, आणि एटीकेटीला घाबरणं

मराठी माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी व्याख्यान ऐकून पहिल्या महिन्यात गळून जातं. शेजारचा मान डोलावतो, म्हणून त्याला सगळं कळतंय असं वाटतं. बहुतेकदा त्यालाही कळत नसतं. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश ऑनलाइन आणि मोफत आहेत. संकल्पना मराठीत समजून घ्या, मग तीच दोन वाक्यांत इंग्रजीत लिहा, रोज. कला आणि वाणिज्य शाखेत पुष्कळ विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा असते. तुमच्या विद्यापीठात आहे का, ते परीक्षा विभागात विचारा.

शाळेत वर्षाअखेरीस एक परीक्षा असते. इथे सत्र असतं, आणि गुण सत्रभर साठत जातात: सबमिशन, चाचणी, तोंडी परीक्षा, ७५ टक्के हजेरी. आजारी पडलात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात द्या. कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी लागल्यावर ते कोणी घेत नाही. विषय राहिला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयाच्या शिक्षकांना दाखवा, आणि त्यांनी सांगितलं तर पुनर्मूल्यांकन टाका. या अर्जांची मुदत मोजक्या दिवसांची असते. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसून राहिलेला विषय सोडवायची परवानगी. ती नापासाची पाटी नव्हे, हे घरीही सांगा, नाहीतर गावात "नापास झाला" एवढंच पोहोचतं.

घरी "सगळं ठीक आहे" म्हणत राहणं

आईवडिलांना कळणार नाही म्हणून मुलं सांगत नाहीत. त्यांना सत्र परीक्षा कळणार नाही, मान्य. पण तारीख कळते. परीक्षेचं वेळापत्रक आलं की घरच्या दिनदर्शिकेवर गोल करून ठेवा. सोयाबीनची काढणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा जवळजवळ येतात, आणि ऐन वेळी "दोन दिवस ये" असा फोन येतो. गोल आधी दिसला तर मजूर सांगता येतो.

पालकांनाही एक सांगायचं आहे. कॉलेजात यायला संकोच करू नका. "आम्ही अडाणी, काय बोलणार" म्हणून पालक सभेला न येणारे आईबाप आम्हाला सर्वांत जास्त हवे असतात. मुलीच्या बाबतीत तर नक्की या. तुम्ही शिक्षकांना एकदा भेटलेले असाल, तर उद्या लग्नाचं स्थळ आलं म्हणून शिक्षण थांबवायचा विषय निघाला, तरी तुमच्याशी बोलायला कोणीतरी ओळखीचं असतं.

न सांगता कॉलेज सोडणं

जायचं बंद केलं की प्रश्न संपला, असं वाटतं. तसं होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात अडकतो, शुल्काची थकबाकी वाढते, शिक्षणात खंड पडतो आणि पुढच्या शिष्यवृत्तीला तो आडवा येतो. विषय बदलायचा असेल, कॉलेज बदलायचं असेल, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून पदवी करायची असेल, तर सगळे रस्ते खुले आहेत, फक्त प्रवेश रीतसर रद्द करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर जवळजवळ पूर्ण शुल्क परत मिळतं. नंतर टप्प्याटप्प्याने कमी होत जातं, आणि त्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही मिळत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही. अर्जाची पोच मात्र घ्या.

सोडावंसं वाटण्याचं कारण रॅगिंग किंवा जातीवरून होणारा त्रास असेल, तर लेखी तक्रार द्या: रॅगिंगची कॉलेजातल्या रॅगिंगविरोधी समितीकडे, जातीवरून होणाऱ्या त्रासाची समान संधी केंद्राकडे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे, आणि तो चोवीस तास चालू असतो. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. आणि यातलं काहीच नसेल, नुसतं हरवल्यासारखं वाटत असेल, तर कॉलेजने प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर शिक्षक नेमून दिलेला असतो. आपला कोण, हे कार्यालयातल्या यादीत बघा आणि तास संपल्यावर त्यांना गाठा. "मला काही कळत नाहीये" एवढं वाक्य पुरे आहे, पुढचं ते विचारतील.